शेवटच्या गाण्याला माइक नको

ती गुरुवारी येणार. आज मंगळवार.
ग्रिम्सबीच्या गोदीमागचं हे खलाशांचं जुनं प्रार्थनाघर,
आता एकशे चाळीस खुर्च्यांचं सभागृह.
इथला आवाज मी सांभाळते;
म्हणजे वायरी गुंडाळते, पाण्याच्या बाटल्या ठेवते,
आणि छताच्या डाव्या कोपऱ्यात जो घुमारा अडकून बसतो
त्याची दर वेळी नव्याने समजूत घालते.

पोस्टरवर तिचं नाव: स्टाइनवर एगिल्सदोत्तिर.
एगिलची मुलगी, बस्स. आडनाव नाही.
मला हे समजावून सांगावं लागलं नाही,
माझ्याही नावात बाप मधोमध बसलाय,
हर्णैच्या लिलावात कोलंबीचा भाव पुकारत.

तिची सगळी गाणी मी गेल्या आठवड्यात ऐकली, क्रमाने,
भांडी घासताना.
पहिला अल्बम एकोणिसाव्या वर्षी, मासे गोठवायच्या कारखान्यात,
रात्रपाळी संपल्यावर मुद्रित केलेला.
कान दिला तर गिटारमागे शीतयंत्राची घरघर येते
आणि ती बरोबर त्याच सुरात गाते.
तंबोरा कुठेही मिळतो माणसाला.
दुसरा गाजला. दह्याच्या जाहिरातीत वाजला,
मग मोठमोठे तंबू, ढोलांवर ढोल,
आणि तिचा आवाज त्यात आंबोळीतल्या मिठासारखा,
आहे हे कळतं, दिसत नाही.
तिसऱ्याच्या वेळी घसा बसला.
चार वर्षं म्हणे शाळेत पोरांना विणकाम शिकवत होती.
आता हा चौथा, सत्तावीस मिनिटांचा,
ती आणि एक पायपेटी.
मोठ्या सभागृहांनी फोन उचलले नाहीत,
म्हणून तर आमच्या वाट्याला आली.

तिकिटं विकतात मिस्टर मम्बी.
(पहिल्या दिवशी आडनाव ऐकून मी उगीचच हसले होते.)
बोटं इतकी जाड की एक फाडताना दोन फाटतात.
शहात्तर साली, कॉडच्या भांडणात,
आइसलंडच्या गस्ती बोटीने त्यांचं जाळं कापलं.
ते अजून बोलण्यात येतं, हरवलेल्या भावासारखं:
"एवढं होतं," म्हणत हात पसरतात
आणि हात टेबलाबाहेर जातात.
आता इथल्या लिलावात कॉड येतो तो आइसलंडचा,
खोक्यात, बर्फात.
"मासा तोच," मम्बी म्हणतात, "पत्ता बदलला."

तिच्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं आजोबांवर आहे.
ते गस्ती बोटीवर होते.
गाण्यात ती आरोप करत नाही, माफीही मागत नाही,
एवढंच विचारते:
तळाशी ते जाळं अजून मासे धरत असेल का?

मम्बींना सांगावं की नाही, दोन दिवस ठरेना.
आज दुपारी सांगितलं, चहा ओतताना, उभ्या उभ्या.
त्यांनी कप ठेवला. उचलला. परत ठेवला.
"कुठली बोट?"
मला ठाऊक नव्हतं.
"नायलॉन कुजत नाही," म्हणाले. "धरत असेल."
मग गल्ल्यात स्वतःचे चौदा पौंड मोजून टाकले,
पहिली रांग, कडेची खुर्ची.
तुम्हाला फुकट असतं, मी म्हटलं.
"माहितीय."

तिने कळवलंय: हात नसलेली खुर्ची, एक किटली,
आणि शेवटच्या गाण्याला माइक नको.

म्हणून आज संध्याकाळी मीच उभी राहिले मंचावर,
यंत्रं बंद करून.
मम्बी पार शेवटच्या रांगेत.
काय बोलू? "काहीही. तुझ्या भाषेत."
काहीच सुचेना, मग बापाचाच गळा वर आला:
कोलंबी, अडीचशे एक वार,
अडीचशे दोन वार...
घुमारा कोपऱ्यातून निघाला, खुर्च्यांवरून फिरला.
मागे मम्बींनी हात वर केला.
ऐकू आलं म्हणून,
की भाव मान्य म्हणून, कोण जाणे,
गोदीतली जुनी सवय.

तीन वार म्हणायचं माझं राहूनच गेलं.